शिसवी कोचाची किंमत नक्की कोण ठरवतं?

जुन्या वस्तूंच्या बाजारावर पीएचडी करतो म्हटल्यावर एक प्रश्न हमखास येतो. "आमच्या घरी आजोबांच्या वेळचा कोरीव कोच आहे, त्याचे किती येतील?" हा प्रश्न सहसा आरामात विचारलेला नसतो. इमारत रिडेव्हलपमेंटला गेलेली असते किंवा वाडा बिल्डरला दिलेला असतो. महिन्याभरात जागा रिकामी करायची असते, आणि नव्या वन बीएचकेमध्ये सात फुटी कोच लिफ्टमधूनसुद्धा जात नाही. दारात एक व्यापारी आलेला असतो, तो सगळ्या सामानाचा मिळून एकच आकडा सांगतो आणि "आत्ता टेम्पो खाली उभा आहे" म्हणतो.

आजचा लेख या प्रसंगाबद्दल आहे. असा आकडा येतो कुठून, त्यात खरा खर्च किती आणि आपल्या अज्ञानाची किंमत किती, आणि आपण काय करू शकतो, हे अर्थशास्त्रातल्या तीन-चार कल्पना वापरून बघू. उदाहरण म्हणून घेतोय आपलं मुंबईचं शिसवी कोरीव फर्निचर, ज्याला जगभरचे संग्राहक 'बॉम्बे ब्लॅकवुड' म्हणतात.

ही वस्तू आहे तरी काय?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, ढोबळमानाने 1850 ते 1880 या काळात, मुंबईत एका खास शैलीचं फर्निचर मोठ्या प्रमाणात तयार होत होतं. लाकूड शिसवाचं, शास्त्रीय नाव डालबर्जिया लॅटिफोलिया. घट्ट, जड, जांभळट तपकिरी, काळ्या रेघांचं. शंभर-दीडशे वर्षांच्या पॉलिशनंतर ते जवळजवळ काळं दिसतं, म्हणून 'ब्लॅकवुड'.

आकार युरोपातल्या त्या वेळच्या फॅशनचे: वळणदार पायांचे कोच, गोल टेबलं, लिहायची डेस्क, एकमेकांकडे तोंड करून बसायच्या एस आकाराच्या जोडखुर्च्या. अंगावरचं काम मात्र इथल्या कारागिरांचं. वेली, द्राक्षाची पानं, पक्षी, साप, आणि पाठीच्या फळीत आरपार कोरलेली जाळी. ही आरपार जाळी या शैलीची पहिली खूण. गिऱ्हाईक म्हणजे इंग्रज अधिकारी आणि शहरातले श्रीमंत पारशी, गुजराती, मराठी व्यापारी. म्हणून आजही असे कोच जुन्या पारशी घरांत दिसतात, गिरगाव-दादरच्या जुन्या बिऱ्हाडांत दिसतात आणि लंडनच्या लिलावातही दिसतात.

या धंद्यातलं एक नाव फार मजेशीर वाटेने मुंबईत आलं. थिऑसॉफिकल सोसायटीच्या मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑलकॉट 1879 मध्ये न्यूयॉर्कहून मुंबईला आले, तेव्हा त्यांच्याबरोबर एडवर्ड विंब्रिज नावाचा एक आर्किटेक्ट होता. पुढे तो त्यांच्यापासून वेगळा झाला आणि त्याने मुंबईतच विंब्रिज अँड कंपनी ही फर्निचरची पेढी काढली. तिकडे अहमदाबादेत 1881 मध्ये लॉकवूड डी फॉरेस्ट या अमेरिकन सजावटकाराने मगनभाई हठीसिंग यांच्याबरोबर कोरीवकामाचा कारखाना सुरू केला आणि तिथलं काम न्यूयॉर्कला जाऊ लागलं. म्हणजे हा माल पहिल्यापासून 'आंतरराष्ट्रीय' होता. याचा किमतीशी संबंध आहे, तो पुढे येईल.

एका कोचाच्या चार किमती

'किंमत किती' या प्रश्नाला एक उत्तर नसतं. निदान चार असतात.

पहिली लाकडाची किंमत. वाडा पाडताना खांब-तुळया घनफुटाने विकल्या जातात, तसंच शिसवी पलंगाचंही होऊ शकतं. ही तळाची किंमत. दुसरी, व्यापारी घरातून उचलताना देतो ती. तिसरी, तोच कोच दुरुस्त होऊन शोरूममध्ये लागतो तेव्हाची किंवा लिलावात लागते ती. आणि चौथी, तसाच कोच आज पुन्हा मिळवायचा झाला तर पडेल ती, जी विम्यासाठी धरतात. विम्याची किंमत सगळ्यात मोठी असते, कारण तिथे प्रश्न असतो 'परत आणायला काय लागेल', 'विकून काय येईल' हा नसतो.

घरातले वाद बऱ्याचदा इथेच सुरू होतात. भाऊ विम्याच्या कागदावरचा आकडा धरून बसतो, बहिणीने इंटरनेटवर शोरूमची किंमत बघितलेली असते आणि दारातला माणूस दुसरी किंमत सांगत असतो. तिघेही आपापल्या जागी खरं बोलत असतात, फक्त वेगवेगळ्या वस्तूबद्दल. म्हणून मूल्यांकन करून घेताना आधी विचारायचं: कशासाठीचं मूल्यांकन? विम्यासाठी, वाटणीसाठी की विक्रीसाठी? वाटणीसाठी विम्याचा आकडा वापरला, तर ज्याच्या वाट्याला कोच येतो तो नुकसानीत जातो. कागदावर त्याला दोन लाख मिळालेले असतात, हातात मात्र पन्नास हजारही येत नाहीत.

उलटा लिंबूबाजार

जॉर्ज अकरलॉफ यांचा 1970 चा 'लिंबांचा बाजार' हा निबंध अर्थशास्त्रात फार गाजलेला आहे. पुढे 2001 मध्ये त्यांना नोबेल मिळालं त्यात याचा मोठा वाटा होता. अमेरिकन बोलीत 'लिंबू' म्हणजे बिघडकी गाडी. कल्पना साधी आहे: जुनी गाडी विकणाऱ्याला गाडीची खोट माहीत असते, घेणाऱ्याला नसते. त्यामुळे घेणारा घाबरून कमीच भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही आणि बाजारात खराब गाड्याच उरतात.

घरातल्या जुन्या फर्निचरच्या बाबतीत पहिल्या पायरीवर हे चित्र उलटं होतं. विकणाऱ्याला, म्हणजे तुम्हा-आम्हाला, काहीच माहीत नसतं आणि घेणारा व्यापारी रोज दहा घरं बघत असतो. म्हणून तो सुट्या वस्तूंचे भाव सांगत नाही. "कपाट, पलंग, दोन टेबलं, कोच, सगळ्याचे मिळून इतके" असं म्हणतो. एकत्र भाव सांगण्याचा फायदा हा, की त्याला नक्की कोणती वस्तू हवी आहे हे तुम्हाला कळत नाही. बाकीचं सामान तो कदाचित वाटेतच उतरवून टाकेल.

दुसऱ्या पायरीवर, म्हणजे व्यापारी शोरूममध्ये गिऱ्हाईकाला विकतो तेव्हा, अकरलॉफ सरळ लागू होतो. आता माहिती विकणाऱ्याकडे आहे. गिऱ्हाईकाला भीती असते, की हा कोच खरंच 1870 चा आहे की सहा महिन्यांपूर्वी बनवून चहाच्या पाण्याने जुना केलाय? त्यामुळे तोही हात आखडतो.

म्हणजे अज्ञान दोन्ही टोकांना आहे आणि मधला माणूस त्या दोन्ही दऱ्यांवर पूल बांधून टोल घेतो. तो टोल म्हणजे सरसकट लूट नव्हे. आकड्यांत बघू. हे आकडे मी समजावण्यासाठी गृहीत धरलेत, बाजारभाव म्हणून वाचू नका.

समजा व्यापाऱ्याने कोच 40,000 ला उचलला. टेम्पो आणि हमाली 7,000. सांधे घट्ट करणं, वेताची बैठक पुन्हा विणणं, पॉलिश, याचे 25,000. विकला जाईपर्यंत गोडाऊनमध्ये दीड वर्ष, महिना 1,000 प्रमाणे 18,000. अडकलेल्या 72,000 वर वर्षाला 12 टक्क्यांनी दीड वर्षाचं व्याज साधारण 13,000. एकूण 1,03,000. शेवटी कोच 1,50,000 ला गेला. उरले 47,000. यात दुकानाचं भाडं, नोकराचा पगार, जे तुकडे कधीच विकले जात नाहीत त्यांचा तोटा आणि नफा.

आता कुटुंबाला वाटतं, "आमच्याकडून 40 ला नेला आणि दीड लाखाला विकला, 1,10,000 खाल्ले!" पण घासाघीस करायला जागा आहे ती त्या 47,000 मध्ये, आणि तीही सगळी नाही. हे समजलं की बोलणी वेगळी होतात. 'दीड लाखच द्या' म्हटलं तर व्यापारी उठून जाईल. '40 नको, 55 द्या, कारण हा तुकडा काय आहे ते मला माहीत आहे' म्हटलं तर तो बसून राहील.

तर प्रश्न असा: 'हा तुकडा काय आहे' हे आपल्याला कसं कळणार?

किंमत सुटी करून बघणं

1974 मध्ये शेर्विन रोझेन यांनी एक पद्धत नीट मांडली, तिला 'हेडॉनिक प्रायसिंग' म्हणतात. विचार असा, की आपण वस्तू विकत घेत नाही, तिच्या गुणांचा गठ्ठा विकत घेतो. फ्लॅटची किंमत म्हणजे चौरस फूट अधिक स्टेशनचं अंतर अधिक मजला अधिक पार्किंग. पुरेसे व्यवहार हाताशी असले की संख्याशास्त्राने प्रत्येक गुणाची वेगळी किंमत काढता येते. कोचाला लावू.

लाकूड: शिसव, सागवान की साधं लाकूड वरून काळं रंगवलेलं. शिसव वजनावरून ओळखू येतो. खात्री करायला कोच उलटा करून जिथे पॉलिश नाही तिथे बघा.

कोरीवकाम: इथे एक गैरसमज फार आहे, 'जितकं कोरीव तितकं महाग'. कारागिराचे तास भरपूर गेलेत हे खरं, पण बाजार तासांचे पैसे देत नाही. आज सहारनपूरला भरपूर कोरीवकाम हाताने होतं, शिवाय सीएनसी मशीन रात्रभर जाळ्या कोरतं. महत्त्वाची असते ती कोरण्याची प्रत: पान लाकडातून उठून आल्यासारखं दिसतं की नुसतं पृष्ठभागावर ओरखडल्यासारखं? जाळीची मागची बाजू साफ केली आहे का? डावी-उजवी बाजू जवळपास सारखी पण तंतोतंत एक नाही, असं आहे का? तंतोतंत एक असेल तर मशीनचा संशय घ्या.

याचं टोकाचं उदाहरण चिनी फर्निचरमध्ये आहे. मार्च 2015 मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात रॉबर्ट एल्सवर्थ या प्रसिद्ध संग्राहक-व्यापाऱ्याच्या संग्रहातल्या चार खुर्च्यांचा संच फीसकट 96.85 लाख डॉलरना गेला. अंदाज होता 8 ते 12 लाखांचा. या खुर्च्या 'ह्वांगह्वाली' लाकडाच्या, गोल पाठीच्या, आणि जवळजवळ बिनकोरीव. गंमत म्हणजे ह्वांगह्वाली हे डालबर्जिया ओडोरिफेरा, म्हणजे आपल्या शिसवाचं सख्खं भावंड. मग पैसे कशाचे मिळाले? दुर्मीळ लाकडाचे, रेषेच्या नेमकेपणाचे, चारही एकत्र असण्याचे आणि कोणाच्या घरातून आल्या याचे. कोरण्याचे नाही.

संच: हे शेवटचं वाक्य वाटणीच्या वेळी आठवा. सहा खुर्च्यांचा संच हा सहा सुट्या खुर्च्यांपेक्षा महाग असतो. तीन भावांनी दोन-दोन वाटून घेतल्या की कोणाचंही वाईट न करता सगळ्यांचं नुकसान होतं. एकाने संच घ्यावा आणि इतरांना पैशांत भरपाई द्यावी, किंवा संच विकून पैसे वाटावेत.

आकारमान: इथे गुण उणे होतो. अवाढव्य आरसेवालं कपाट कारागिरीला सरस असलं तरी आजच्या घरात मावत नाही, म्हणून त्याला गिऱ्हाईक कमी. छोटं टेबल, लिहायचं डेस्क, एकटी खुर्ची पटकन जातात. इंग्लंड-अमेरिकेतही गेल्या दोन-अडीच दशकांत जुन्या गडद लाकडी फर्निचरचे भाव बरेच उतरले, ते अशाच बदललेल्या घरांमुळे आणि आवडीमुळे.

कागद: बनवणाऱ्याचं लेबल, शिक्का, जुनं बिल, दिवाणखान्याचा जुना फोटो ज्यात कोच मागे दिसतोय. हा सगळ्यात स्वस्तात वाढवता येणारा गुण. अकरलॉफच्या भाषेत, शेवटच्या गिऱ्हाईकाची भीती यामुळे कमी होते आणि त्या कमी झालेल्या भीतीचे पैसे मिळतात. तेव्हा आजीचे अल्बम रद्दीत टाकण्याआधी चाळा.

वय कसं बघायचं?

समोरून बघू नका, खालून आणि मागून बघा. दिखाऊ बाजू सगळेच नीट करतात.

एक, लाकूड आडव्या दिशेने जास्त आक्रसतं, उभ्या दिशेने अगदी कमी. त्यामुळे शंभर-दीडशे वर्षांचं गोल टेबल मोजलं तर अचूक गोल भरत नाही, रेषांच्या आडव्या दिशेला थोडं कमी भरतं. टेप लावून दोन दिशांनी मोजा.

दोन, स्क्रू. टोकदार, एकसारख्या आट्यांचे मशीनचे स्क्रू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सर्रास झाले. त्याआधीचे बोथट टोकाचे असायचे. अधिक चिन्हाच्या खाचेचा स्क्रू 1930 च्या दशकातला शोध. तो दिसला तर एकतर वस्तू नंतरची आहे किंवा दुरुस्ती नंतरची आहे. एका स्क्रूवरून निकाल देऊ नका, पण प्रश्न जरूर विचारा.

तीन, सांधे. लाकडाची जीभ दुसऱ्या लाकडाच्या खोबणीत बसवून वर लाकडी खुंटी मारली आहे का? खुंट्या किंचित वर आलेल्या असतात, कारण भोवतीचं लाकूड आक्रसतं. मागे प्लायवूड असेल तर तो भाग विसाव्या शतकातला.

चार, झीज. खुर्चीच्या हातांची टोकं, पायांमधली आडवी पट्टी, खणाच्या खालच्या कडा, जिथे माणसाचा हात-पाय लागतो तिथेच झीज हवी. जिथे कोणाचा हात पोचत नाही तिथेही सारखीच झीज असेल तर ती कानशीने केलेली आहे.

आणि एक विनंती. विकायच्या आधी 'जरा चांगलं दिसू दे' म्हणून मेलामाइन पॉलिश मारू नका, सुताराला रंधा मारायला सांगू नका, निखळलेलं पान फेविकॉलने चिकटवू नका. जुना थर गेला की वय सिद्ध करणारा पुरावा जातो. कोरड्या मऊ कपड्याने धूळ पुसा. तुटलेले तुकडे पाकिटात घालून वर 'डावा हात' वगैरे लिहून ठेवा. बस.

लंडनचा भाव गिरगावात का लागत नाही?

इंटरनेटवर लोक शोधतात आणि लंडनच्या लिलावातला बॉम्बे ब्लॅकवुडचा पौंडातला भाव रुपयांत करून सांगतात. इथे कायदा मध्ये येतो.

पुरावस्तू व कलासंपदा कायदा, 1972, जो एप्रिल 1976 पासून लागू आहे, त्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कला-कारागिरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते. अशी वस्तू केंद्र सरकार किंवा त्याने अधिकृत केलेली संस्था सोडून कोणीही देशाबाहेर पाठवू शकत नाही. उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड आहे. वस्तू पुरावस्तू आहे की नाही असा वाद झाला, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या महासंचालकांचा निर्णय अंतिम.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने याचा अर्थ सोपा आहे. दोन बाजारांमध्ये भिंत आहे. कांदा लासलगावहून दिल्लीला जाऊ शकतो म्हणून दोन्हीकडचे भाव एकमेकांना ओढतात. दीडशे वर्षांचा कोच गिरगावातून लंडनला जाऊ शकत नाही, म्हणून तिकडचे भाव इकडे ओढले जात नाहीत. लंडनमध्ये विकला जातो तो बहुधा एकोणिसाव्या शतकातच साहेबाच्या सामानाबरोबर गेलेला कोच. तोच सुतार, तेच लाकूड, पण भिंतीच्या पलीकडचा. तुमच्या कोचाचा भाव भारतात राहणारं गिऱ्हाईकच ठरवणार.

काही व्यवहारातल्या गोष्टी याच ओघात. परदेशातल्या मुलीकडे घरसामानाबरोबर आजीचं डेस्क पाठवायचं असेल, तरी ती निर्यातच. वस्तू शंभर वर्षांच्या आतली असेल तर पुरातत्त्व खात्याकडून 'पुरावस्तू नाही' असं प्रमाणपत्र घ्या. शिवाय शिसवासकट संपूर्ण डालबर्जिया वंश जानेवारी 2017 पासून साइट्स कराराच्या यादीत आहे, म्हणजे लाकडासाठीचे कागद वेगळे. पुरावस्तू विकण्याचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो, तेव्हा व्यापाऱ्याकडे तो आहे का हे बिनधास्त विचारा. काही प्रकारच्या वस्तूंची नोंदणीही सक्तीची आहे. साधी कोरीव खुर्ची आणि जुनी मूर्ती या एक गोष्ट नव्हेत, तेव्हा देव्हाऱ्यात कोरलेल्या मूर्ती असतील तर विकण्याआधी नोंदणी अधिकाऱ्याला विचारा. आणि हस्तिदंत जडवलेलं असेल तर थांबा. वन्यजीव कायद्यातल्या 1986 आणि 1991 च्या दुरुस्त्यांनंतर हस्तिदंताचा व्यापार भारतात बंद आहे, 'फार जुनं आहे हो' ही सबब चालत नाही.

विकायचं कुठे?

व्यापाऱ्याला रोख: पैसे लगेच, कटकट नाही, भाव कमी. घाई असेल तर हाच रस्ता, पण निदान तिघांना बोलवा, वेगवेगळ्या दिवशी, आणि प्रत्येकाकडून सुट्या वस्तूंचे भाव लिहून घ्या. ज्या वस्तूवर तिघांचे आकडे सगळ्यात लांब-लांब येतात, ती वस्तू नीट तपासा. तिथे कोणाला तरी काहीतरी दिसलंय. मुंबईत चोरबाजाराचा मटण स्ट्रीट आणि जोगेश्वरीचा ओशिवरा बाजार आधी एकदा फिरून या. विकायला नव्हे, भाव ऐकायला.

दुकानात ठेवून विकणं: वस्तू तुमची, दुकान त्यांचं, विकली गेली की टक्केवारी. भाव जास्त, वेळ लागतो. मुदत, टक्केवारी, कमीत कमी भाव आणि मोडतोड झाली तर जबाबदारी कोणाची, हे चारही लेखी हवं.

लिलाव: खरोखर वरच्या प्रतीच्या आणि कागद असलेल्या वस्तूंसाठीच. इथला हिशेब समजून घ्या. समजा बोली 1,00,000 वर थांबली. घेणाऱ्याला वर 20 टक्के फी, म्हणजे तो 1,20,000 अधिक कर देतो. तुमच्याकडून 10 टक्के कमिशन, म्हणजे तुमच्या हातात 90,000. टक्केवारी प्रत्येक ठिकाणी वेगळी, पण पेपरात बऱ्याचदा छापून येतो तो घेणाऱ्याचा फीसकट आकडा, हे लक्षात ठेवा. राखीव किंमत फार वर ठेवण्याचा मोहही टाळा. ॲलन बेग्ज आणि कॅथरिन ग्रॅडी यांनी चित्रांच्या लिलावांचा अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध केला. एकदा न विकली गेलेली चित्रं नंतर विकली गेली, तेव्हा त्यांच्यावरचा परतावा इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी होता. बाजाराच्या भाषेत वस्तू 'जळते'. नाकारली गेल्याची बातमी हाही एक गुणच, फक्त उणे.

भाड्याने देणं: मुंबईत सिनेमा-मालिकांच्या सेटसाठी जुनं फर्निचर भाड्याने लागतं. जागा असेल तर हा पर्याय आहे. जागा नसेल तर नाही.

'आमचं' असण्याची किंमत

1990 मध्ये डॅनियल काहनेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी प्रयोगांची एक मालिका प्रसिद्ध केली. त्यात निम्म्या विद्यार्थ्यांना कॉफीचे मग दिले आणि विक्री लावली. मग हातात असलेल्यांनी मागितलेला भाव, नसलेल्यांनी देऊ केलेल्या भावाच्या साधारण दुप्पट होता. मग हातात येऊन काही मिनिटंच झाली होती. इथे तर कोचावर तीन पिढ्या बसल्यात. तेव्हा बाहेरचा आकडा अपमानासारखा वाटला, तर तो माणूस बदमाश आहे असंच नाही. त्याच्या हिशेबात तुमचं बालपण नाही. तो रकाना तुम्ही वेगळा भरा, आणि तो फार मोठा निघाला तर कोच विकू नका.

न विकण्याच्या बाजूने एक शास्त्रीय मुद्दाही आहे. मायकेल थॉम्पसन यांनी 1979 च्या 'रबिश थिअरी' या पुस्तकात दाखवलं, की वस्तू रोजच्या वापरातून थेट 'ठेवा' होत नाहीत, मध्ये त्या 'कचरा' म्हणून एक काळ काढतात. त्या काळात त्यांना किंमत नसते, म्हणून बहुतेक मोडून जातात, आणि उरतात त्या नंतर दुर्मीळ होतात. आपल्याकडे शिसवी कोच सनमायका आणि लोखंडी कपाटांच्या काळात याच दरीत पडले. कित्येक जळणात गेले. आज मोठी कपाटं आणि पलंग अजून त्याच दरीत आहेत. ते कधी वर येतील याची हमी कोणी देऊ शकत नाही, आणि मुंबईच्या भावाने जागा अडवून ठेवणं हाही खर्चच आहे.

म्हणून माझा सल्ला एवढाच. टेम्पो खाली उभा असेल तर त्याला उद्या यायला सांगा. एका संध्याकाळी सगळं सामान खिडकीजवळ ओढा, उलटं करा, मागून-खालून फोटो काढा, टेप लावून मोजा, लेबल शोधा, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला 'हे कुठून आलं' विचारा आणि तो सांगेल ते तारखेसकट लिहून ठेवा. विकलंत तर त्या वहीचे पैसे मिळतील. नाही विकलंत, तर पुढच्या पिढीला निदान कळेल की आपण कशावर बसतोय.